विश्लेषण : नाताळच्या सुट्टीत अनाथालयात ‘सेवा’, मुलांच्या पदरात नेमके काय पडते?

डिसेंबर उजाडला की समाजमाध्यमांवर सेवासहलींच्या जाहिराती दिसू लागतात. नाताळची सुट्टी नेपाळ, कंबोडिया किंवा केनियातील अनाथालयात घालवा, मुलांना शिकवा, त्यांच्यासोबत सण साजरा करा, असे त्यांचे स्वरूप असते. परदेशी स्वयंसेवक भारतातही येतात. नाशिकसारख्या शहरांत महाविद्यालयीन गट आणि कंपन्यांचे कर्मचारी केक, ब्लँकेट आणि खेळणी घेऊन बालगृहांच्या दारात उभे राहतात. हेतू चांगलाच असतो. तरीही संयुक्त राष्ट्रांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत अनेकांनी या प्रकाराला विरोध केला आहे. असे का?

ही मुले खरोखर अनाथ असतात का?

बहुतेक नसतात. जगभरातील अनाथालयांत राहणाऱ्या पाचपैकी किमान चार मुलांचे आई किंवा वडील, निदान एक पालक हयात असतो, असे ‘सेव्ह द चिल्ड्रन’ने २००९ मध्ये मांडले होते. मूल संस्थेत येते ते मुख्यतः गरिबीमुळे.

नाशिक जिल्ह्यात हे समजायला फार लांब जावे लागत नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर कामासाठी घर सोडतात. काही जण निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत जातात, काही आणखी दूर. मागे राहिलेल्या मुलाला दोन वेळचे जेवण आणि शाळा मिळेल, असे कुणी सांगितले तर पालक त्याला आश्रमात पाठवायला तयार होतात. म्हणजे नाताळात पाहुणे ज्या मुलाला ‘अनाथ’ समजून जवळ घेतात, त्याची आई कदाचित ५० किलोमीटरवर द्राक्षबागेत काम करत असते.

पाहुण्यांमुळे अनाथालये वाढतात, ती कशी?

याचे ठळक उदाहरण कंबोडिया. २००५ ते २०१० या काळात तिथल्या अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. याच काळात तिथे अनाथ मुले मात्र कमी होत होती. वाढत होते ते पर्यटक. नेपाळमध्येही बहुतांश बालगृहे काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या भागांतच एकवटली आहेत.

गणित सरळ आहे. मुले दिसली की देणगी येते आणि देणगी हवी असेल तर मुले लागतात. मग दलाल खेड्यात जाऊन शिक्षणाचे आमिष दाखवतात आणि मूल घरातून बाहेर पडते. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी हाही गुलामगिरीचाच प्रकार मानला. पाठोपाठ डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवा आणि पर्यटनाच्या धोक्यांची दखल घेतली.

आठवडाभराच्या मायेने काय बिघडते?

लहान मुलाला अनेक माणसांची थोडी थोडी माया पुरत नाही. त्याला रोज दिसणारे, रात्री ताप आला तर उशाशी बसणारे एक माणूस लागते. रुमानियात २००० साली सुरू झालेल्या एका अभ्यासात संस्थांमधील १३६ लहान मुलांचा माग ठेवण्यात आला. त्यातील काही मुलांना पालक कुटुंबांत ठेवले गेले. त्यांची बुद्धी आणि भावनिक वाढ संस्थेतल्या मुलांपेक्षा चांगली झाल्याचे दिसले. जी मुले जितक्या लवकर कुटुंबात गेली, तितका त्यांना जास्त फायदा झाला.

स्वयंसेवक येतो, जीव लावतो आणि १ जानेवारीला निघून जातो. पुढच्या वर्षी दुसरा येतो. अनोळखी माणसाच्या अंगाखांद्यावर लगेच खेळणारे मूल पाहुण्याला गोड वाटते. बालमानसशास्त्राच्या नजरेत मात्र ते अनेकदा तुटलेल्या नात्यांचे लक्षण असते.

महाराष्ट्र-गोव्याचा अनुभव काय सांगतो?

अनोळखी माणसांना मुलांपर्यंत सहज पोहोचता आले की काय होते, याची किंमत या भागाने मोजली आहे. गोव्यात मडगावजवळ ‘गुरुकुल’ नावाचे अनाथालय चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली. परदेशी पाहुण्यांकडून मुलांचे लैंगिक शोषण होत असल्याचे त्या प्रकरणात समोर आले. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. मुंबईतील कुलाबा आणि रायगडमधील मुरूड इथल्या ‘अँकरेज’ निवाऱ्यांच्या प्रकरणात दोन ब्रिटिश नागरिकांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये कायम केली. हे दोघे मुलांना आसरा देणारे परोपकारी गृहस्थ म्हणून ओळखले जात होते.

नाशिकही याला अपवाद नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये म्हसरूळ परिसरातील एका खासगी आश्रमात राहणाऱ्या मुलींनी लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी केल्या आणि संचालकाला अटक झाली. त्याच महिन्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यातील एका आश्रमात चार वर्षांच्या मुलाचा खून झाला. दोन्ही घटना वेगवेगळ्या आहेत. पण दारावर ‘आश्रम’ लिहिले म्हणजे आत मूल सुरक्षित आहे असे नाही, हे दोन्हींतून दिसले.

शरणपूरची आठवण का काढायची?

नाशिककर रोज ज्या शरणपूर रोडवरून जातात, त्या नावामागे परदेशी मुलांची गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेल्या या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले आणली जात. त्यांना शिक्षण आणि हातात एखादा धंदा दिला जाई. त्यांपैकी जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मोहिमेत गेला आणि १८७४ मध्ये त्याचे पार्थिव घेऊन लंडनपर्यंत पोहोचला. इथे वाढलेले अनेक जण नंतर मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउनमध्ये स्थायिक झाले.

त्या कामात धर्मप्रसाराचा हेतू होता आणि त्याची चिकित्सा व्हायलाच हवी. पण एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. त्या मुलांचे घर खरोखरच हिरावले गेले होते आणि त्यांच्यासोबतचे काम वर्षानुवर्षे चालले. आजच्या सेवासहलीत नेमक्या याच दोन गोष्टी नसतात.

कायदा काय म्हणतो?

बाल न्याय कायदा, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी नसेल तर एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एकटे सापडलेले मूल २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. मूल कुठे राहील, हे समिती ठरवते.

पाहुण्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे कलम ७४. अशा मुलाची ओळख पटेल असे छायाचित्र, नाव किंवा शाळेचे नाव प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. केक भरवतानाची सेल्फी इन्स्टाग्रामवर टाकणे म्हणूनच साधी गोष्ट नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणे हा पोक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे.

मग मदत कशी करायची?

पहिली पायरी चौकशीची. संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र मागावे. मुले बालकल्याण समितीच्या आदेशाने आली आहेत का, ते विचारावे. बाहेरच्या माणसाला मुलांसोबत एकटे सोडणारी किंवा देणगीदारांसमोर मुलांना नाचायला लावणारी संस्था दिसली तर सावध व्हावे. संशय आला तर १०९८ हा बालमदत क्रमांक २४ तास सुरू असतो.

दुसरी पायरी पैशाची. महाराष्ट्राच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पात्र मुलाला कुटुंबातच राहता यावे म्हणून दरमहा २,२५० रुपये मिळतात. म्हणजे वर्षाला २७,००० रुपये. परदेशातील सेवासहलीचे नुसते विमानभाडेच अनेकदा याहून अधिक असते. आपल्या गल्लीतल्या, गावातल्या एखाद्या एकल मातेला या योजनेचा अर्ज भरून देणे, कागदपत्रे जमवून देणे, हीसुद्धा सेवाच. मूल संस्थेत जाण्याची वेळच त्यामुळे टळू शकते.

ज्यांना संस्थेतच काम करायचे आहे, त्यांनी मुलांऐवजी तिथल्या कर्मचाऱ्यांना हात द्यावा. हिशेब, दंततपासणी, संगणकाची दुरुस्ती, काळजीवाहकांचे प्रशिक्षण अशा कामांत पाहुणा निघून गेल्यावरही उपयोग उरतो. शिकवायचेच असेल तर वर्षभर, ठरलेल्या वारी आणि कर्मचाऱ्यांच्या उपस्थितीत. डिसेंबरमध्ये केकची रास लागते. वह्या-पुस्तकांचा खर्च जूनमध्ये येतो. देणगीची तारीख सहा महिने पुढे ढकलली, तरी मुलांच्या ती अधिक कामी येईल.