परक्या ओसरीवरचा संसार

आमच्या रत्नागिरीत हल्ली पेन्शनर मंडळींची एक नवी जात निर्माण झाली आहे. उन्हाळ्यात इथे, हिवाळ्यात इथे, आणि मधल्या सहा महिन्यांत न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला. निघताना आमसुले, कुळथाचे पीठ, मेतकूट आणि बाळंतकाढ्याची पुडी. आजोबांनी नातवाला बागेत न्यायचे, आजींनी त्याला 'आई' आणि 'आजी' यांतला फरक शिकवायचा, आणि दोघांनी मिळून बर्फाकडे पाहत बसायचे. 'करमते का हो तिकडे?' असे विचारले की उत्तर ठरलेले : 'करमायचे काय, कर्तव्य आहे!'

वाचकहो, हे उत्तर ऐकले की मला दोनशे वर्षांपूर्वीची उलट्या दिशेची वाहतूक आठवते. तेव्हा परदेशात जाऊन कर्तव्य करणारी जोडपी स्कॉटलंडहून निघत आणि आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर उतरत. त्यांचे कर्तव्य नातवंडांचे नव्हते, देवाचे होते. निदान त्यांची तशी श्रद्धा होती. सहा महिन्यांचा व्हिसा नव्हता आणि परतीचे तिकीटही नव्हते. आफ्रिकेला वळसा घालून गलबताने येण्यातच चार-पाच महिने जात. एकदा आले की म्हातारपण इथेच, आणि पुष्कळांच्या बाबतीत मरणही इथेच.

या मंडळींना खरे तर पुण्याला जायचे होते. पण पेशवाई बुडून पाच वर्षेही झाली नव्हती. ताज्या जखमेवर पाद्री नेऊन बसवणे मुंबई सरकारला धोक्याचे वाटले. म्हणून १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीने आपले बस्तान सावित्री नदीच्या मुखाशी, बाणकोटला मांडले. बाणकोट इंग्रजांच्या हाती १७५५-५६ पासून होते. तिथल्या हिंमतगडाचे त्यांनी 'फोर्ट व्हिक्टोरिया' करून टाकले होते. पहिला पाद्री डोनाल्ड मिचेल वर्षभरही जगला नाही. त्याच्या मागोमाग आलेल्यांत जेम्स मिचेल होता, मराठीचे व्याकरण लिहिणारा जॉन स्टीव्हन्सन होता, आणि १८२७ साली आलेला रॉबर्ट नेस्बिट होता. बाणकोटच्या जोडीला लवकरच हर्णैलाही त्यांची घरे झाली.

त्या घरांतला दिवस कसा जात असेल? धर्मप्रचाराच्या गोष्टी बाजूला ठेवा, साधा दिवस. सकाळी शास्त्रीबोवा येणार आणि साहेबाला 'ळ' म्हणायला लावणार. (स्कॉटिश जिभेला हे अक्षर किती जड गेले असेल याची कल्पना, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना 'नळ' म्हणताना ऐकून मला येते.) बाळबोध वाचता आले तरी भागत नसे, कागदपत्र सारे मोडीत. मग शाळांची तपासणी. गावोगावचे पंतोजी पगारावर नेमलेले, मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवणारी, आणि आईबाप मोठे व्यवहारी! पोराला अंक आणि वाचन येते आहे ना, मग पुस्तकात येशूच्या चार गोष्टी असल्या तरी चालवून घेऊ. त्यानंतर पावसाळा. बंदर एकदा बंद झाले की नारळी पौर्णिमेपर्यंत मचवा नाही, म्हणजे पत्रही नाही. मायदेशी धाडलेल्या पत्राचे उत्तर यायला एरवीही वर्ष लागे. आई वारल्याची बातमी येईपर्यंत तिकडे वर्षश्राद्धाची वेळ झालेली असे, आणि इकडे हा मनुष्य तिला खुशालीची पत्रे लिहीतच असे.

मराठीचा मास्तर या नात्याने मला या घरांतल्या पुरुषांपेक्षा बायकांचे नवल अधिक वाटते. पुरुषाला नेमून दिलेले काम होते, संस्था होती. बायको ही नुसती 'बरोबर आलेली'. १८२९ च्या फेब्रुवारीत जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट मुंबईत उतरली आणि मराठी शिकण्यासाठी बाणकोट-हर्णैला येऊन राहिली. पुढे मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने उभे राहिले तेच हे विल्सन. शिकायला नवरा बसला तशी बाईही बसली. एवढेच नव्हे, मुंबईला परतल्यावर तिने लगोलग मुलींच्या शाळा काढल्या. मुलीच्या हाती पाटी आली की वैधव्य येते असे शहाणीसुरती माणसे मानत होती, तो हा काळ. १८३५ च्या एप्रिलमध्ये, पुरती सहा वर्षे भरून थोडे दिवस होतात तोच ती वारली. मग तिच्या दोन बहिणी, अ‍ॅना आणि हे, हेच काम पुढे चालवायला स्कॉटलंडहून आल्या. बहिणीच्या मरणाची बातमी ऐकून तिच्याच वाटेने निघणे, याला काय म्हणावे ते ज्याचे त्याने ठरवावे.

आणि मुले? मिशनरी घरांतला हा सर्वांत हळवा कोपरा. मुले जरा मोठी झाली की हवेसाठी आणि शिक्षणासाठी त्यांना दूर धाडून द्यायचे हा रिवाज. पुढे पुढे कोडाईकनालसारख्या थंड जागी शाळा निघाल्या तेव्हा विरह महिन्यांवर आला. त्याआधी तो वर्षांचा असे. या मुलांना गाव कोणते म्हणून विचारावे? वेंगुर्ले रत्नागिरी जिल्ह्यात होते तेव्हा, १९१९ च्या १५ ऑगस्टला, तिथल्या अमेरिकन मिशनच्या डॉक्टर गोहीन यांच्या घरी एक मुलगा जन्मला. रॉबर्ट गोहीन पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीत राहिला. आपल्या वेंगुर्लेकरांनी याचा म्हणावा तेवढा बडिवार माजवला नाही!

पुण्याचे दार अखेर १८३० च्या सुमारास उघडले आणि जेम्स मिचेलचा संसार तिकडे गेला. इथे माझ्या विद्यार्थ्यांचा हटकून घोटाळा होतो, कारण मिचेल एक नव्हे, तीन. डोनाल्ड लवकर गेला. मरे मिचेल १८३८ साली आला आणि तुकोबांच्या अभंगांत रमला. जेम्स मात्र पुण्यातच म्हातारा झाला. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. हिंदुस्थानातल्या या मंडळींनी नव्या 'फ्री चर्च'ची बाजू घेतली, आणि ज्यांनी मुंबईत इमारती उभ्या केल्या होत्या त्यांच्यावर त्या सोडण्याची पाळी आली. चाळिशी-पन्नाशीत पुन्हा भाड्याच्या जागेपासून सुरुवात! पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ ते १८४७ पर्यंत एक माळ्याचा मुलगा शिकत होता. त्याचे नाव जोतीराव फुले. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनी शिक्षिकेचे धडे पुण्यात मिचेलबाईंच्या वर्गात घेतले, असे चरित्रकार सांगतात. मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत आपण काही वर्षे शिकवत होतो, हे जोतीरावांनी स्वतः १८८२ साली हंटर कमिशनपुढे नोंदवले आहे.

सनातनी पुण्यात मिचेल साहेबाचे प्रवचन ऐकून किती जण बाटले? फार थोडे. ज्या कामासाठी आयुष्य वेचले ते बहुतेक वाया गेले, आणि बाईंनी जोडकाम म्हणून चालवलेल्या वर्गातून जे निघाले ते महाराष्ट्र अजून पुसू शकलेला नाही. मिचेल साहेबाला हा हिशेब मान्य झाला नसता, हेही खरे.

पण नाण्याची एवढीच बाजू दाखवली तर मी वाचकांना फसवतो आहे असे होईल. याच सज्जनांच्या ओसरीवर दुसऱ्या कुणाचा संसार मोडत होता. १८४३ साली नारायण शेषाद्री नावाचा तरुण ख्रिस्ती झाला आणि त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत नेस्बिट यांच्या घरी जाऊन राहिला. हर्णैच्या किनाऱ्यावर राहिलेले आणि मराठी मायबोलीसारखी बोलणारे तेच नेस्बिट. बापाला आपले पोर मिळवण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. कोर्टाने मुलगा दिला, पण जात त्याला घेईना. तेव्हा प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्या म्हणून उभे राहिले ते आपल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, आणि त्यापायी त्यांनी जातभाईंच्या शिव्या खाल्ल्या. स्वतःची मुले सातासमुद्रांपार धाडण्याचे दुःख ज्यांना ठाऊक होते, त्यांना त्या बापाचे दुःख कळले नसेल काय? कळले असावे, पण दोघांच्या मध्ये देव उभा होता. धर्मासाठी आपल्या सुखाचा बळी देणारा माणूस दुसऱ्याच्या सुखाचाही बळी हसत देतो, हे मला अजून पचत नाही.

विल्सन यांनी १८४६ साली पुन्हा लग्न केले. इझाबेला डेनिस्टन हे त्या बाईंचे नाव. मलबार हिलवरचे हे उतारवयाचे जोडपे मला फार आवडते. साहेब संस्कृतपासून लेण्यांपर्यंत सगळ्यांत डोके घालणारे, आणि बाई मुलींच्या शाळा पाहणाऱ्या. १८६४ साली डॉ. लिव्हिंग्स्टन यांनी गुलामांच्या व्यापाऱ्यांकडून सोडवलेली चुमा आणि विकतानी ही दोन आफ्रिकन पोरे मुंबईला आणली, ती विल्सन यांच्याच हवाली केली. पुढच्या साली लिव्हिंग्स्टन पुन्हा मुंबईत आले आणि १८६६ च्या जानेवारीत दोघांना आफ्रिकेला घेऊन गेले. तिथे ते वारल्यावर त्यांचे शव हजारावर मैल वाहून समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत हाच चुमा होता.

१८६७ साली इझाबेलाबाई गेल्या. दुसऱ्याच वर्षी विल्सन मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १८७० साली फ्री चर्चने त्यांना मायदेशी बोलावून अध्यक्षपदाचा मान दिला. वय पासष्टीपुढचे, घरात वाट पाहणारे कोणी नाही. स्कॉटलंडमध्ये शेकोटीपाशी बसून उरलेले दिवस काढले असते तर कुणी नावे ठेवली नसती. समारंभ आटोपल्यावर म्हाताऱ्याने सामान बांधले आणि तो मुंबईला परत आला. १ डिसेंबर १८७५ रोजी तो इथेच वारला. त्याच साली त्याचा मुलगा अँड्र्यू याचे हिमालयाच्या प्रवासावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले.