तारा? छे, भलतंच काहीतरी!

आमच्या फ्लॅटमधल्या तिसऱ्या मुलीला आम्ही पहिल्याच महिन्यात लेबल लावून टाकलं होतं: 'कंजूष'. शनिवारी पिझ्झा? नको. मल्टिप्लेक्स? डोकं दुखतंय. रिक्षा शेअर करू या? मी बसनं जाईन. नोकरी चांगली, पगार चांगला, पण दर महिन्याच्या एक तारखेला सगळं जग खूश असताना हिचा मूड ऑफ. आम्ही दोघींनी मिळून निकाल दिला. केस क्लोज्ड.

तिची गोष्ट शेवटी सांगते. आधी अशाच एका दुसऱ्या लेबलाची. ते भल्याभल्या खगोलशास्त्रज्ञांनी लावलं होतं आणि साफ चुकलं होतं.

केंब्रिजच्या मंडळींनी १९५९ मध्ये आकाशातल्या रेडिओ स्रोतांची तिसरी यादी काढली. त्यातला २७३वा नंबर म्हणजे '३सी २७३'. रेडिओ लहरी दणदणीत येतायत, पण नेमक्या कुठून? तेव्हाच्या रेडिओ दुर्बिणींना तेवढं अचूक बोट ठेवता यायचं नाही. सोसायटीत कुणाकडे तरी जोरात गाणी लागलीयेत हे कळतं, पण फ्लॅट नंबर कळत नाही, तसं.

मग सिरिल हॅझार्ड यांनी चंद्राला कामाला लावलं. फंडा सिंपल आहे. चंद्र त्या स्रोतासमोर आला की लहरी बंद, बाजूला झाला की परत सुरू. त्या क्षणी चंद्राची कड कुठे आहे हे गणितानं पक्कं ठाऊक असतं. झालं, पत्ता मिळाला! ५ ऑगस्ट १९६२ ला ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर तबकडीनं हे काम केलं. स्रोत क्षितिजाला इतका टेकला होता, की तबकडी नेहमीच्या मर्यादेपलीकडे वाकवावी लागली. आणि खुद्द हॅझार्डसाहेब? चुकीच्या ट्रेनमध्ये बसल्यामुळे ते वेळेवर पोचलेच नाहीत, असं सांगतात. कर्जतऐवजी कसारा पकडणाऱ्यांनी जरा बरं वाटून घ्यावं.

(ही चंद्राची युक्ती आपल्याकडेही गाजली बरं का. गोविंद स्वरूप यांनी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली, ती मुख्यतः याच कामासाठी. १९७० मध्ये ती सुरू झाली. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या ३० तबकड्या दिसतात ना, तो जीएमआरटीसुद्धा त्यांचाच ध्यास.)

आता पत्त्यावर जाऊन बघितलं, तर काय? एक साधा निळसर ठिपका. फोटोत अगदी ताऱ्यासारखा. त्यामुळे सगळ्यांनी ठरवलं: हा आपल्याच आकाशगंगेतला कुठलातरी विचित्र तारा.

डिसेंबर १९६२ च्या शेवटी मार्टिन श्मिट यांनी कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून त्याचा वर्णपट घेतला. वय किती? ३३. म्हणजे आपल्या ऑफिसातला टीम लीडच. वर्णपट म्हणजे प्रकाश उलगडून त्याचे रंग ओळीनं मांडायचे. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा त्यात ठरलेल्या जागी उमटतात, सुपरमार्केटमधल्या बारकोडसारख्या. बारकोड वाचला की माल कळतो. फोटो नुसता चेहरा दाखवतो. वर्णपट आतलं सांगतो.

प्रॉब्लेम एवढाच, की या बारकोडला जगात नावच नव्हतं. एकही रेष ओळखीच्या जागी बसेना. श्मिट सहा आठवडे अडकले.

५ फेब्रुवारी १९६३. ते याच कोड्यावर लेख लिहायला बसले होते. रेषांमधलं अंतर एका बाजूला पद्धतशीर कमी होत जातंय, हे त्यांच्या लक्षात आलं. अरेच्चा, असं तर हायड्रोजनचं असतं! विश्वातलं सगळ्यात साधं, सगळ्यात जास्त असलेलं मूलद्रव्य. फक्त प्रत्येक रेष लाल रंगाकडे सरकली होती, सगळ्यांची तरंगलांबी सारखीच, जवळपास १६ टक्क्यांनी वाढलेली. ४८६ नॅनोमीटरला हवी ती रेष थेट ५६३ ला. कॉरिडॉरमध्ये त्यांना सहकारी जेसी ग्रीनस्टीन भेटले. त्यांच्याकडे '३सी ४८' चा असाच न सुटलेला वर्णपट पडून होता. तोही त्याच दिवशी सुटला. तिथे सरक होती ३७ टक्के!

याचा अर्थ सॉलिड होता. रेषा एवढ्या सरकतात त्या विश्व प्रसरण पावतंय म्हणून, आणि वस्तू खूप खूप लांब आहे म्हणून. आजच्या हिशेबानं ३सी २७३ सुमारे २०० कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. इतक्या लांबून ठिपका दिसतोय, म्हणजे तो आपल्या अख्ख्या आकाशगंगेच्या शंभराहून अधिक पट तेजस्वी असणार. तारा कसला, हा तर एका दूरच्या दीर्घिकेचा गाभा! तिथे महाप्रचंड कृष्णविवर आहे. त्याच्यात पडणारा वायू भोवती गरगरताना तापतो आणि हा सगळा झगमगाट करतो. अशा वस्तूंना १९६४ मध्ये 'क्वासार' हे नाव मिळालं.

मला या गोष्टीत सगळ्यात काय भिडतं सांगू? श्मिटकडे पहिल्या दिवसापासून सगळा डेटा होता. रेषा तशाच होत्या, हायड्रोजन तोच होता. आड येत होता फक्त एक शब्द: 'तारा'.

आता आमची रूममेट. गेल्या महिन्यात ती अंघोळीला गेली असताना तिचा फोन वाजत राहिला, म्हणून मी उचलला. पलीकडे तिचे बाबा. "डायलिसिसचे पैसे पोचले म्हणून सांग तिला," एवढंच म्हणाले.

बस, डबा, एक तारीख. सगळ्या रेषा आमच्यासमोर सहा महिने होत्या. आम्ही त्या 'कंजूष' या शब्दावर बसवत राहिलो.

मी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही विचारलं कुठे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हल्ली शनिवारी आम्ही तिघी गच्चीवर बसतो. पोहे घरचे, चहा घरचा. एप्रिल-मेच्या संध्याकाळी पूर्वेकडे वर चढणारा पांढराशुभ्र तारा म्हणजे चित्रा, कन्या राशीतला. त्याच राशीत ३सी २७३ आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आठेक इंची दुर्बीण आणि काळोखं आकाश लागतं. आणि दिसला, तरी ताऱ्यासारखाच दिसतो.