जिथे माल थांबतो, तिथे सबअसेंब्ली

शिरोली असो, भोसरी असो की सातपूर, नवा ईआरपी बसवताना एक आठवडा असा येतो की त्यात पुढच्या अनेक वर्षांची सोय किंवा गैरसोय ठरून जाते. तो आठवडा बीओएम भरण्याचा. डिझाइन विभाग ड्रॉइंगचा गठ्ठा देतो आणि सल्लागाराचा माणूस ड्रॉइंगवर दिसेल ती प्रत्येक असेंब्ली सॉफ्टवेअरमध्ये वेगळी पायरी म्हणून भरत जातो. शॉपवरच्या फोरमनला कोणी विचारत नाही. आपल्या लहान आणि मध्यम कारखान्यांत ईआरपी बदनाम होतो, त्याचं मोठं कारण मला इथे दिसतं.

ड्रॉइंगवरची सबअसेंब्ली ही वस्तू समजून घेण्यासाठी केलेली मांडणी असते. जॉबमधली सबअसेंब्ली ही वेगळी गोष्ट. शॉपवर जी वस्तू कुठेतरी थांबते, म्हणजे तपासली जाते, रॅकवर ठेवली जाते, चलनावर बाहेर जाते किंवा सुटी विकली जाते, तिलाच सॉफ्टवेअरमध्ये स्वतंत्र ओळख हवी. जी थांबतच नाही, तिला कोड देऊन कागद वाढतात, एवढंच.

उपसा सिंचनाला आणि पाणीपुरवठ्याला लागणारा स्प्लिट केसिंग पंप घ्या. त्याचा रोटर, म्हणजे शाफ्ट, इम्पेलर, स्लीव्ह, बेअरिंग असा सगळा संच बाहेर जुळवतात, मग उचलून खालच्या केसिंगमध्ये बसवतात आणि वरून दुसरं केसिंग ठेवतात. रोटरचं बॅलन्सिंग होतं, त्याचा रिपोर्ट निघतो. ज्यांच्याकडे बॅलन्सिंग मशीन नाही ते रोटर बाहेर पाठवतात. पुढे ग्राहक स्पेअर म्हणून अख्खा रोटर मागतो तेही असतंच. म्हणून रोटरला स्वतःचा आयटम कोड, स्वतःचा बीओएम आणि स्वतःची वर्क ऑर्डर हवी. तो तयार होऊन स्टोअरला जमा व्हावा आणि तिथून पंपाच्या जॉबला इश्यू व्हावा.

बेस फ्रेमचं उलट आहे. ग्राहक कोणती मोटर घेतो त्यावर फ्रेमची लांबी आणि भोकं ठरतात. एकाची फ्रेम दुसऱ्याच्या उपयोगाची नाही, मग ती स्टोअरला जमा करून परत काढायची कशाला? ती पंपाच्याच जॉबच्या पोटात, कटिंग, वेल्डिंग, मशिनिंग या आपल्या ऑपरेशन्ससह असावी. तिचं पोलाद आणि वेल्डरचे तास थेट त्या ऑर्डरच्या खर्चात पडतात. ती स्टोअरमधून फिरवली, तर बऱ्याच ठिकाणी सरासरी किंवा स्टँडर्ड दराने जॉबला लागते, आणि त्या ऑर्डरवर खरंच पैसे सुटले का, हे मालकाला कळत नाही.

तिसरा प्रकार गॅस्केट, स्टड आणि नट यांच्या संचाचा. ड्रॉइंगवर त्याला वेगळा नंबर असतो, पण असा संच शॉपवर कोणी ‘तयार’ करत नाही. फिटर केसिंग बंद करताना ते थेट लावतो. यासाठी फँटम असेंब्लीची सोय असते. ती नोंदीत दिसते, पण तिची ऑर्डर निघत नाही, तिच्या पोटातला माल सरळ वरच्या जॉबला लागतो. सॅपमध्ये स्पेशल प्रोक्युअरमेंटचा ५० हा कोड त्यासाठीच आहे.

हे तीन निर्णय झाले की सॉफ्टवेअरमधलं काम फारसं कठीण नाही. एपिकॉरमध्ये मुख्य वस्तू ही जॉबची असेंब्ली ०, आणि तिच्याखाली क्रमाने सबअसेंब्ली. प्रत्येकीचा माल आणि ऑपरेशन्स वेगळी. मुंबईत जन्मलेल्या, मुक्त स्रोत असलेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये वर्क ऑर्डरवर मल्टि-लेव्हल बीओएमची एक खूण असते. ती केली, की सबअसेंब्लीच्या आतला कच्चा माल मागितला जातो. काढली, की तयार सबअसेंब्लीच स्टोअरमधून मागितली जाते. त्या एवढ्याशा चौकटीचा अर्थ स्टोअरकीपरला समजावून सांगितलेला नसेल, तर तयार रोटर रॅकवर असताना पुन्हा नव्या शाफ्टची मागणी निघते.

दोन जागा मात्र बारकाईने तपासाव्यात. पहिली, नगांची संख्या. पाच स्टेजच्या पंपाला प्रत्येक स्टेजमध्ये एक इम्पेलर. भरणाऱ्याने स्टेजच्या बीओएममध्येच पाच इम्पेलर लिहिले आणि पंपाच्या बीओएममध्ये स्टेज पाच लिहिल्या, तर एका पंपाला २५ इम्पेलर होतात. वीस पंपांच्या ऑर्डरला १०० ऐवजी ५०० कास्टिंगची खरेदी सुचवली जाते. खालच्या पायरीवर नेहमी वरच्या एका नगाला किती, एवढंच लिहायचं. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९७५ साली पुस्तकातून एमआरपीची जी पद्धत मांडली तिचं सूत्रच हे आहे की तयार मालाच्या मागणीवरून सुट्या भागांची गरज मोजून काढायची, अंदाजाने धरायची नाही. गुणाकार यंत्र चोख करतं, आकडे मात्र आपण दिलेले असतात.

दुसरी जागा म्हणजे सबअसेंब्ली कोणत्या ऑपरेशनला लागते, ती जोडणी. बेस फ्रेम लागते अगदी शेवटी, पंप आणि मोटर अलाइन करताना. ती त्या ऑपरेशनला जोडली नाही, तर सॉफ्टवेअर ती जॉबच्या पहिल्याच दिवशी मागतं. फॅब्रिकेशनवर उगाच घाई होते, आणि खरंच घाईचं असलेलं केसिंग मागे राहतं. पायऱ्या फार केल्या तरी वेळेचं गणित बिघडतं. प्रत्येक पायरीला दोन दिवस धरले आणि पायऱ्या पाच असल्या, तर एकही तास काम न वाढता कागदावर दहा दिवस उभे राहतात. मग डिस्पॅचची तारीख कोणी खरी मानत नाही, आणि प्लॅनिंगवाला पुन्हा आपल्या एक्सेलकडे वळतो.

बाहेर जाणाऱ्या मालाला कायद्याचीही बाजू आहे. सीजीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षात परत यायला हवा, नाहीतर पाठवला त्या दिवशीच तो विकला असं धरून कर लागतो. बॅलन्सिंगला गेलेला रोटर सॉफ्टवेअरमध्ये रोटर म्हणून अस्तित्वातच नसेल, तर चलनावर काय लिहिणार? शाफ्ट एक, इम्पेलर एक, स्लीव्ह दोन असं लिहून पाठवलेला माल परत येताना ‘रोटर एक’ म्हणून येतो आणि दोन्ही चलनं जुळत नाहीत.

म्हणून कारखानदार मित्रांना माझी विनंती आहे. बीओएम भरण्याआधी फोरमन, स्टोअरकीपर, क्वालिटीचा माणूस आणि हिशेब पाहणारा यांना एका टेबलाशी बसवा. तुमचा सर्वाधिक खपणारा एकच माल निवडा आणि त्याच्या प्रत्येक सबअसेंब्लीबद्दल विचारा की ती कुठे थांबते, कोण मोजतं, कोण तपासतं. फोरमन ‘ही कुठेच थांबत नाही’ म्हणाला, तर ती पायरी काढून टाका, मग ड्रॉइंगवर तिला कितीही सुंदर नंबर असो. सॉफ्टवेअर सुरू करायची तारीख पंधरा दिवस पुढे गेली तरी चालेल. ही बैठक झाल्याशिवाय सल्लागाराच्या बीओएमवर सही करू नका.