पारखण्याचे काम आपलेही

आमच्यापैकी अनेकांचे पालक सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राबले. तपासणीविना माल फाटकाबाहेर जात नाही, हे ऐकतच आम्ही वाढलो. संगणकाच्या सॉफ्टवेअरलाही असाच तपासनीस लागतो. मात्र ते काम अभियंत्यांचेच, असा आपला समज आहे. तो आम्हांस मान्य नाही.

लेखन-हिशेबाचे ‘लिबरऑफिस’ हे मुक्त सॉफ्टवेअर २०१० पासून विनामूल्य मिळते, मराठीतही. त्याची नवी आवृत्ती पक्की होण्यापूर्वी चाचणीसाठी सर्वांना खुली केली जाते. ती वापरावी, मात्र मूळ कागदपत्रांवर नव्हे, प्रतींवर. दोष आढळल्यास कळवावे: काय केले, काय अपेक्षित होते, काय घडले.

‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरू व स्वयंपाकी एवढे अंतर आहे. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आले. अशी अक्षरे पडद्यावर, शोधात, छपाईत नीट उमटतात का, हे मराठी वाचणाऱ्यालाच चटकन दिसते. येथे नवखेपण ही उणीव नव्हे. सरावलेला माणूस दोषाला वळसा घालून पुढे जातो. नवखा अडखळतो, आणि ते अडखळणेच उपयोगी पडते.

नोंद बहुधा इंग्रजीत करावी लागते, ही अडचण खरी. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातील एक रविवार शाळेला द्यावा. वसतिगृहातील मुलांनी दोष शोधावेत, आपण नोंद लिहिण्यास साह्य करावे. इतरांनी घडविलेले आजवर आपण वापरले. घडविणाऱ्यांच्या पंक्तीत आपल्या मुलांनी बसावे, त्याची ही पहिली पायरी आहे.