दुचाकीवरचा कॅमेरा : हौस झाली, आता पुराव्याचं बोला

बेळगाव : पावसाळ्यातला शनिवार-रविवार आला की चोर्ला आणि आंबोलीच्या रस्त्यावर दुचाक्यांची रांग लागते. केए २२, एमएच ०९, जीए ०३ अशा तिन्ही राज्यांच्या पाट्या एकाच चहाच्या टपरीपुढं उभ्या असतात. अलीकडं त्यांतल्या बऱ्याच जणांकडं हेल्मेटच्या हनुवटीला चिकटवलेला किंवा हँडलवर बसवलेला छोटा कॅमेरा दिसतो. आधी तो फक्त यूट्यूबवाल्यांकडं असायचा. आता डिलिव्हरी करणारी पोरं, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, रोज खानापूर-बेळगाव ये-जा करणारे नोकरदार यांनीही तो घेतला आहे. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "उद्या काही झालं तर पुरावा असावा."

उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. कॅमेरा चालू असणं आणि पुरावा हातात असणं यात बरंच अंतर आहे. सीमेवरच्या माणसाला ते अंतर जास्त जाणवतं, कारण एका फेरीत तो दोन-तीन राज्यांच्या हद्दी ओलांडतो.

दोन लाख की बेचाळीस लाख?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे दर शंभरात चव्वेचाळीसहून अधिक. त्याच वर्षी ठोकर देऊन पळून गेलेल्या वाहनांमुळं ३० हजारांहून जास्त लोकांचा जीव गेला.

पळून गेलेलं वाहन सापडलं नाही तर काय मिळतं? मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालच्या योजनेतून मृत्यूसाठी २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये. १ एप्रिल २०२२ पासून हे दर लागू आहेत, त्याआधी ते २५ हजार आणि साडेबारा हजार होते.

आता वाहनाचा नंबर मिळाला आणि चूक त्या वाहनाची ठरली तर काय होतं, तो हिशेब करून पाहू. तीस वर्षांचा माणूस, महिना २० हजार कमाई, घरात अवलंबून असलेली चार माणसं. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांचं सूत्र लावायचं. भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के धरले की महिना २८ हजार होतात. स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा केला की २१ हजार उरतात. वर्षाचे २ लाख ५२ हजार, आणि या वयाला गुणक १७. म्हणजे ४२ लाख ८४ हजार रुपये. अंत्यसंस्कार वगैरेंची रक्कम त्यावर वेगळी.

एकीकडं २ लाख, दुसरीकडं ४२ लाखांच्या वर. मधला फरक एका नंबर प्लेटचा. घाटात दुकान नाही, म्हणून दुकानाचा सीसीटीव्हीही नाही. अशा ठिकाणी दुचाकीवरच्या कॅमेऱ्यातली पाच सेकंदं एखाद्या घराचं पुढचं सगळं ठरवू शकतात.

आणि ते २ लाखसुद्धा मिळतात का? जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेली आकडेवारी पाहा. २०२२ मध्ये पळून गेलेल्या वाहनांचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले. २०२२-२३ या आर्थिक वर्षात भरपाईचे अर्ज आले फक्त २०५, आणि निकाली निघाले ९५. लोकांना योजनाच माहीत नाही. म्हणून न्यायालयानं आदेश दिला की अपघाताची नोंद झाल्यापासून महिन्याभरात वाहन सापडलं नाही तर पोलिसांनी जखमीला किंवा मृताच्या वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी. तशी चिठ्ठी आली नाही तर ठाण्यात जाऊन मागा.

डोक्यावर की गाडीवर?

कॅमेरा कुठं लावायचा यावर राज्यांचं एकमत नाही. केरळच्या मोटार वाहन खात्यानं २०२२ मध्ये हेल्मेटवर कॅमेरा लावायला मनाई केली. हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत परवाना निलंबन अशी तरतूद जाहीर केली. उलट गोव्यात २०१७ मध्ये 'ट्रॅफिक सेंटिनल' योजना आली. नियम मोडणाऱ्यांचे फोटो आणि व्हिडिओ पोलिसांना पाठवणाऱ्या नागरिकाला गुण आणि गुणांवर बक्षीस. एका राज्यानं कॅमेऱ्यावर दंड लावला, दुसऱ्यानं चित्रणासाठी बक्षीस ठेवलं.

केरळचं कारण मात्र समजून घेण्यासारखं आहे. हेल्मेटचं कवच गोल आणि गुळगुळीत असतं ते शोभेसाठी नाही. पडल्यावर डोकं रस्त्यावर अडकू नये, घसरत जावं, आणि धक्का एका बिंदूवर न बसता पसरावा म्हणून. कवचावर बाहेर आलेली टणक वस्तू रस्त्यात अडकली तर मान पिळवटू शकते. स्क्रू मारायला भोक पाडलं तर हेल्मेट कामातून गेलंच. जून २०२१ पासून देशात आयएस ४१५१ मानकाची खूण असलेलीच दुचाकी हेल्मेटं विकता येतात, पण ती खूण कारखान्यातून बाहेर पडलेल्या हेल्मेटची असते, नंतर आपण त्यावर चिकटवलेल्या वस्तूंची नाही.

त्यामुळं हौशी चित्रणाचं काय ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण पुरावा हा हेतू असेल तर कॅमेरा गाडीवर लावलेला बरा. पुढं एक, मागं एक अशी दुचाकीची जोडणी बाजारात मिळते. ती बॅटरीला फ्यूज लावून जोडली जाते आणि चावी फिरवली की आपोआप सुरू होते. याचा मोठा फायदा म्हणजे रोज आठवणीनं बटण दाबावं लागत नाही. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याची बॅटरी तास-दीड तासात संपते, आणि मागून येऊन धडकणारी गाडी त्याला दिसतही नाही.

मोबाईल हँडलवर लावून काम भागवणाऱ्यांसाठी एक सूचना. मोठ्या इंजिनाच्या दुचाकीच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो, असा इशारा खुद्द ॲपल कंपनीनं २०२१ मध्ये दिला होता.

घेताना काय बघायचं

दुकानदार 'फोर के' म्हणून भाव सांगेल. बघायचं ते दुसरंच. रात्री समोरच्या दिव्यांच्या झोतात नंबर प्लेट वाचता येते का, ते रात्रीचं नमुना चित्रण बघून ठरवा. स्वस्तातले बरेच कॅमेरे इथंच नापास होतात, पाटी पांढरा डाग होऊन बसते. आपल्याकडचा पाऊस झेलेल असं जलरोधक आवरण हवं. मेमरी कार्ड सतत लिहिणं सहन करणारं हवं, साधं कार्ड काही महिन्यांत मान टाकतं आणि आपल्याला कळतही नाही.

सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट घड्याळाची. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ चुकीची असेल तर समोरचा वकील पहिला हात तिथंच घालणार. महिन्यातून एकदा तारीख तपासा, त्याच वेळी कार्डही उघडून बघा.

चित्रण आहे, पुढं काय?

इथं खरी गाडी अडते. हे कॅमेरे जागा भरली की जुनं पुसून त्यावर नवं लिहितात. अपघातानंतर गाडी तशीच चालवत घरी आणली, दोन दिवस वापरली, आणि मग कार्ड काढलं, तर हवं ते चित्रण गेलेलं असू शकतं. म्हणून पहिलं काम कॅमेरा बंद करून कार्ड काढणं. दुसरं काम म्हणजे नातेवाइकांच्या ग्रुपवर ते न टाकणं. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो, मूळ फाइलमधली माहिती गळून जाते. पोलिसांना आणि वकिलाला दाखवायला वेगळी प्रत करा, कार्डाला हात लावू नका.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग चित्रण देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाइलचं 'हॅश' मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. फाइल जराशी बदलली तरी ठसा बदलतो.

या विषयावरचा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणूक वादातून आलेला आहे. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये जुन्या कायद्याखाली सांगितलं की प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे, पण मूळ उपकरणच मालकानं साक्षीला उभं राहून हजर केलं तर त्याची गरज नाही. सामान्य माणसासाठी धडा एकच : मूळ कार्ड आणि कॅमेरा जपून ठेवा. पोलिसांकडं दिलं तर पंचनाम्यात त्याची नोंद झाली का ते बघा आणि पोच घ्या.

अपघात भरपाई न्यायाधिकरणात फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय, यावर निकाल होतो. तिथं स्वच्छ चित्रणाचं वजन मोठं असतं.

हद्द आणि भाषा

अपघात गोव्यात, गाडी महाराष्ट्राची, जखमी बेळगावचा. अशा वेळी "आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य ऐकावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आता स्पष्ट आहे : गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. भरपाईचा दावाही अपघात झाला तिथंच लावायला हवा असं नाही. दावेदार राहतो किंवा व्यवसाय करतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही तो चालतो. म्हणजे चोर्ला घाटाखाली झालेल्या अपघाताचा दावा बेळगावला लावता येतो. कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नये. पळून गेलेल्या वाहनाच्या योजनेचा अर्ज मात्र अपघात झाला त्या तालुक्याच्या किंवा उपविभागाच्या अधिकाऱ्याकडंच करावा लागतो.

दुसरी अडचण भाषेची. कर्नाटकात फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते. आपल्या भागातल्या अनेक वडीलधाऱ्या मराठी माणसांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. फिर्याद वाचून दाखवायला सांगणं आणि तिची प्रत मोफत घेणं हा हक्क आहे. पण अंगाला लागलेलं असताना, घाबरलेल्या अवस्थेत, कोण किती नीट सांगणार? चित्रण इथं कामाला येतं. कोण कुठल्या बाजूनं आला हे त्यात दिसतं, दुभाष्या लागत नाही.

कॅमेरा मालकालाही सोडत नाही

जीपीएस असलेल्या कॅमेऱ्यात आपलाही वेग नोंदला जातो. घाटातल्या वळणावर ऐंशीनं जाणाऱ्याचं चित्रण आधी त्याच्याच अंगावर येईल आणि त्याच्या निष्काळजीपणाच्या प्रमाणात भरपाई कापली जाईल. मे २०२३ मध्ये यमुना एक्स्प्रेसवेवर ताशी ३०० किलोमीटरचा वेग गाठण्याच्या नादात देहराडूनच्या एका तरुण यूट्यूबरचा जीव गेला. त्याच वर्षी तामिळनाडूत कसरती करताना पडलेल्या एका लोकप्रिय यूट्यूबरला अटक झाली आणि त्याचा परवाना दहा वर्षांसाठी गेला. दोघांकडंही कॅमेऱ्यांची कमी नव्हती.

आपल्या भागात आणखी एक धोका आहे. रस्त्यावरचं भांडण इथं पाच मिनिटांत कन्नड-मराठी होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बसमधल्या भाषेच्या वादानंतर दोन्ही राज्यांमधली बससेवा काही दिवस बंद पडली. हाल झाले ते रोज ये-जा करणाऱ्यांचे. धडक कुणाची, या वादाचा तीस सेकंदांचा कापलेला तुकडा समाजमाध्यमावर टाकला तर अपघात बाजूला राहतो आणि गाडीच्या पाटीवरचं राज्य पुढं येतं. चित्रण ठाण्यात द्या, गावभर वाटू नका. बेळगावात छावणी आणि लष्करी केंद्राचा परिसरही आहे. तिथं चित्रणबंदीचे फलक आहेत, त्या पट्ट्यात कॅमेरा बंद ठेवलेलाच बरा.

मागणी काय हवी

हौस म्हणून कॅमेरा घेणारा घेईलच. प्रश्न आहे तो चित्रण घेऊन ठाण्यात येणाऱ्या माणसाचा. तीन गोष्टी कमी खर्चात होण्यासारख्या आहेत. प्रत्येक ठाण्यात चित्रण स्वीकारण्याची ठरलेली पद्धत हवी : मूळ कार्ड, हॅश, पोच. कलम ६३ च्या प्रमाणपत्रासाठी तज्ज्ञ कुठं मिळेल, याची माहिती जिल्हा पातळीवर फलकावर हवी. आणि कॅमेरा हेल्मेटवर चालेल की गाडीवर, यावर केंद्रानं एकच नियम करावा. सीमा ओलांडली की नियम बदलला, असं दुचाकीवाल्याच्या बाबतीत तरी होऊ नये.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करावं. घड्याळ बरोबर, कार्ड धड, कॅमेरा गाडीवर आणि वेग आटोक्यात. आणि दुसऱ्या कुणाला ठोकरून पळणारी गाडी तुमच्या कॅमेऱ्यात आली असेल तर ते चित्रण पुसू नका. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून कायद्यात कलम १३४ अ आहे. तुमच्या कार्डातली पाच सेकंदं अनोळखी घराला दोन लाखांवरून बेचाळीस लाखांवर नेऊ शकतात.