भंगाराचे मोल

ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेतील मॉन्टेरे येथे १९५४ सालच्या एका फेरारीचा जळून चेपलेला सांगाडा लिलावात तब्बल १८ लाख ७५ हजार डॉलरना विकला गेला! घेणाऱ्याने नेमके काय घेतले? गाडी नव्हे, तिची वंशावळ : मूळ चॅसी क्रमांक आणि शर्यतींचा इतिहास.

आपल्याकडेही २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूप राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो; रोजच्या वापराला मात्र मनाई. म्हणून बोली लावण्यापूर्वी पत्र्याचे पोचे मोजण्यापेक्षा चॅसी आणि कागदपत्रे तपासावीत. पत्रा ठोकून सरळ होतो. हरवलेला इतिहास कोणत्याही गॅरेजात मिळत नाही. सगळेच भाग नवे घातले, तर उरते केवळ नक्कल. जतन आणि नक्कल यांतला फरक ज्याला कळतो, त्यानेच हात वर करावा.