सातवी पास सरपंच आणि वसंतदादांचा निर्णय

१/ पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे मोठे गाव. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की अशा गावांत, पारावर आणि आता मोबाइलवरही, एक प्रश्न हमखास विचारला जातो : उमेदवार शिकलेला आहे का? प्रश्न निरागस वाटतो. त्याचा इतिहास तसा नाही. 🧵

२/ ऑगस्ट १९१७ मध्ये माँटेग्यूची घोषणा झाली आणि कायदेमंडळात कोण बसणार, हा वाद पेटला. त्याच वर्षी अथणीच्या सभेत, कुणब्यांना आणि शिंप्यांना कायदेमंडळात जाऊन करायचे तरी काय, अशा आशयाचे उद्गार लोकमान्य टिळकांनी काढल्याचे नोंदले गेले. ब्राह्मणेतर चळवळीने ते कधी विसरू दिले नाहीत. शाळेचा दरवाजा पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना बंद होता, त्यांच्याकडेच आता दाखला मागितला जात होता. ‘पात्रता’ हा शब्द तेव्हापासून असाच वापरला जातो.

३/ कोडोली ज्या संस्थानात होती, त्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्याच १९१७ मध्ये वेगळे उत्तर दिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड. ज्ञानाचा अभाव हा सरकारने फेडायचा अनुशेष आहे, प्रजेला बाहेर ठेवण्याचे निमित्त नव्हे, हा त्या कायद्यामागचा विचार.

४/ सर्वांत नेमका युक्तिवाद डॉ. आंबेडकरांचा. सायमन कमिशनसाठी मे १९२९ मध्ये लिहिलेल्या स्वतंत्र अहवालात त्यांनी साक्षरतेची अट धुडकावली. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध, ही पहिली चूक; साक्षर झाला की बुद्धी आपोआप वाढते, ही दुसरी. वाद मताधिकाराचा होता, पण तर्क नेतृत्वालाही तितकाच लागू पडतो.

५/ यावर ठरलेला आक्षेप येतो : स्वतः आंबेडकर तर पदव्यांचे धनी! खरे आहे. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांना समाजाचा पुढारी म्हणून गौरविले, तेव्हा ते कोलंबियात शिकून आलेले होते. पण कोलंबियात तेव्हा शिकलेले सगळेच काही माणगावला आले नव्हते. पदवीने त्यांना हत्यार दिले; ते कुणासाठी उचलायचे, हे पदवी ठरवत नाही.

६/ आता वसंतदादा पाटील. महाविद्यालयाची पायरी न चढलेला माणूस. जुलै १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून तटावरून उडी टाकणारा, गोळी खाणारा. पुढे सहकारी साखर कारखानदारीचा एक प्रमुख शिल्पकार. फेब्रुवारी १९८३ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. गंमत अशी, की त्यांच्या आधीचे दोन्ही मुख्यमंत्री बॅरिस्टर होते : अंतुले आणि बाबासाहेब भोसले. पैकी अंतुले सिमेंट प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये पायउतार झाले.

७/ आणि अभियांत्रिकीच्या जागा मूठभर असताना, विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी देण्याचा निर्णय घेतला तो दादांनी, १९८३ मध्येच. कोडोलीलगत वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या नावाने उभे असलेले अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच वर्षीचे. आजूबाजूच्या कित्येक शेतकरी घरांतला पहिला इंजिनिअर अशाच महाविद्यालयांतून बाहेर पडला. ‘नेता शिकलेलाच हवा’ असा संदेश आज फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी किती जणांची पदवी या निर्णयाची देणगी असेल, हे त्यांनीच मोजावे.

८/ या निर्णयाची आरतीही ओवाळू नये. देणगीच्या नावाखालची लूट आणि ‘शिक्षणसम्राट’ नावाची जमात याच वाटेने आली. पण हा दोष दादांच्या शाळेत शोधणे हास्यास्पद आहे. नियमन ढिले ठेवणाऱ्या यंत्रणेत आणि नंतरच्या मंत्रिमंडळांत पदवीधरांचा तुटवडा कधीच नव्हता.

९/ बुद्धी लागत नाही, असे कोण म्हणते? भरपूर लागते. माणसे ओळखण्याची, हिशेब कळण्याची, न पटणारा सल्लाही ऐकून घेण्याची. ती सभेत, संस्थेत, पराभवात पारखता येते; गुणपत्रिकेत तिचा रकानाच नसतो. निरक्षरतेचे कौतुकही नको. ‘आम्ही अडाणी’ हा काहींचा लाडका मुखवटा आहे, आणि त्याआड चाललेला कारभार चांगलाच हुशारीचा असतो.

१०/ राजेंद्रप्रसादांनी २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, लोकप्रतिनिधींसाठी पात्रतेची अट घालता आली नाही, अशी खंत बोलून दाखवली होती. ती अट शेवटी आली, पण सर्वांत खालच्या पायरीवर. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील पंचायत उमेदवारांची शिक्षणाची अट वैध ठरवली. बऱ्यावाइटाचा विवेक शिक्षणानेच येतो, असा निकालपत्राचा सूर. म्हणजे १९२९ मध्ये दाखवून दिलेली चूक, ८६ वर्षांनी, संविधानाचा दाखला देत.

११/ महाराष्ट्रात २०१७ साली थेट सरपंच निवडीबरोबर नियम आला : १ जानेवारी १९९५ रोजी वा त्यानंतर जन्मलेला सरपंच किमान सातवी उत्तीर्ण हवा. कोडोलीच्या सरपंचाला तो लागू आहे. हा नियम ज्या विधानसभेने केला, तिच्या सदस्याला मात्र पहिली पास असण्याचीही अट नाही.